पांढऱ्या वाइनचा मऊपणा: उन्हाचा की तळघराचा?

फ्रान्सच्या बर्गंडी भागातली चांगली शार्डने (याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन) जिभेवर गोलसर, मऊ लागली की कोणी म्हणतं, त्या वर्षी ऊन जोरात असणार. कोणी म्हणतं, ओकच्या पिंपात ठेवलेली दिसते. दोन्ही अंदाज चुकू शकतात. आंबटपणा दोन वेगळ्या ठिकाणी उतरतो, एकदा वेलीवर आणि एकदा तळघरात. दोन्ही वेळा कमी होतं ते मुख्यतः मॅलिक आम्ल, म्हणजे हिरव्या सफरचंदाला आंबट करणारं आम्ल.

द्राक्षं पिकताना मॅलिक आम्ल त्यांच्या श्वसनात खर्च होतं, आणि उष्णता वाढली की हा खर्चही वाढतो. द्राक्षातलं दुसरं मुख्य आम्ल, टार्टारिक, उन्हात बरंच टिकून राहतं. 2003 च्या उष्णतेच्या लाटेत बर्गंडीत ऑगस्टमध्येच तोडणी सुरू झाली. मॅलिक इतकं घटलं होतं की अनेकांना रसात बाहेरून टार्टारिक आम्ल मिसळावं लागलं. अशा वर्षाच्या मऊपणासोबत साखरही जास्त येते, म्हणून अल्कोहोल वाढतं, घशात ऊब जाणवते आणि फळाचा वास पीच किंवा अननसाकडे झुकतो.

तळघरातली गोष्ट निराळी. यीस्टचं काम झाल्यावर जिवाणू मॅलिकचं लॅक्टिक आम्ल करतात. याला मॅलोलॅक्टिक किण्वन म्हणतात. मॅलिकच्या रेणूत दोन आम्लगट असतात, लॅक्टिकमध्ये एकच, त्यामुळे धार कमी होते. अल्कोहोल मात्र वाढत नाही. याच कामात डायअॅसिटिल तयार होतं आणि लोण्याचा वास येतो तो त्याचाच. या वासाचं श्रेय ओकला देण्याची सवय मला खरंच खटकते. ओक व्हॅनिला देतो, भाजल्याचा वास देतो. वाइन यीस्टच्या गाळावर राहिली तर हेच डायअॅसिटिल बरंचसं कमी होतं. म्हणजे मॅलोलॅक्टिक पूर्ण झालेल्या वाइनलाही लोण्याचा वास येईलच असं नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की तळघरातल्या निर्णयाचं वजन हवामान ठरवतं. 2003 सारख्या वर्षी मॅलिक मुळातच थोडं, त्यामुळे जिवाणूंना फारसं काही बदलता येत नाही. तिथे मॅलोलॅक्टिक थांबवून उरलेली धार जपणं शहाणपणाचं ठरू शकतं. 2021 उलट होतं. एप्रिलमध्ये गोठलेल्या दहिवराने शार्डनेचं पीक फार घटवलं, पुढे उन्हाळाही थंड गेला. मॅलिक भरपूर उरलं, आणि त्या वर्षी हेच किण्वन वाइनचा चेहरा बदलून टाकू शकत होतं.

जर्मनीतल्या मोझेलच्या रीसलिंगमध्ये, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनमध्ये, बहुतेक जण मॅलोलॅक्टिक होऊ देत नाहीत. तिथे आंबटपणाला अनेकदा तोलते ती उरलेली साखर, त्यामुळे वर्षाची खूण जास्त उघडी दिसते.

एका बाटलीवरून निर्णय देऊ नये. एकाच वर्षाच्या, एकाच गावातल्या तीन-चार उत्पादकांच्या वाइन शेजारी ठेवा. सगळ्या मऊ असतील तर दाट शक्यता हवामानाची. मग एकाच उत्पादकाची वेगवेगळी वर्षं ठेवा. थंड वर्षातही तोच गोलसरपणा दिसला तर तो बहुधा त्याच्या तळघराचा. ओकचा प्रश्न असेल तर बर्गंडीतल्याच शाब्लीसारखी दुसरी जागा नाही. तिथले उत्पादक लुई मिशेल स्टीलच्या टाक्या वापरतात, राव्हनो ओकची जुनी पिंपं. दोन्हीकडे शार्डनेच.

गरम वर्ष म्हणजे मऊ वाइन, हा नियम मात्र नाही. 2020 गरम आणि कोरडं होतं, तोडणीही ऑगस्टमध्ये सुरू झाली, तरी बर्गंडीच्या अनेक पांढऱ्या वाइन चांगल्या ताज्या निघाल्या. लवकर तोडणीचाही त्यात हात होता. तोडणीची तारीख वर्षाच्या खात्यात टाकायची की माणसाच्या? मी ती माणसाच्या खात्यात टाकतो, कारण एकाच गरमीत एक जण थांबतो आणि शेजारचा आठवडाभर आधी कात्री चालवतो.