गोष्टीतलं चित्र यंत्राकडून: थोडी पार्श्वभूमी

सोलापुरातल्या हौशी कथालेखकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली कथेच्या आधी चित्र येऊन पडतं. लिहिलेला प्रसंग एआयला सांगायचा, निघालेल्या चित्रांतलं बरं ते वर लावायचं आणि खाली कथा. चित्रं दिसायला झकास असतात, फक्त त्या कथेतली नसतात. असं का होतं हे कळायला थोडं मागं जावं लागतं.

गोष्ट म्हटली की सोबत चित्र हवंच, ही सवय आपल्याला दिवाळी अंकांनी लावली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचं ‘दीपावली’ सुरू केलं, तोवर कथाचित्रांना स्वतःचा वाचक मिळाला होता. दलाल, मुळगावकर, पुढं वसंत सरवटे यांची नावं लोक लेखकांच्या बरोबरीनं घेत. कथाचित्रकार आधी कथा वाचतो, मग त्यातला कुठला क्षण काढायचा ते ठरवतो. नायिका दार उघडतानाची काढायची की दार लावून घेतल्यानंतरची, हे ठरवण्यातच त्याचं निम्मं काम होतं.

यंत्राला सूचना देऊन चित्र काढून घेणं मात्र सोलापूरला नवं नाही. चादरीवरची नक्षी जकार्ड मागावर उठते. आधी ग्राफ पेपरवर चौकोन भरायचे, त्यावरून कार्डांना भोकं पाडायची आणि भोकांप्रमाणे ताण्याचे, म्हणजे उभे धागे वर उचलले जायचे. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जोसेफ जकार्डनं हा माग आणला. १८३९ मध्ये खुद्द जकार्डचंच एक चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली. संगणकाचा आद्य आराखडा मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेजनं त्याची एक प्रत मिळवून घरी लावली होती. पण त्या चित्रातला प्रत्येक चौकोन कुणीतरी विचार करून भरलेला होता. आताच्या यंत्रात चौकोन भरणारं कुणी नाही, आणि मला तरी खरा फरक तिथंच दिसतो.

आताच्या यंत्राची गोष्ट तशी अलीकडची. २०१४ मध्ये इयन गुडफेलो आणि सहकाऱ्यांनी दोन न्यूरल नेटवर्कं, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकी जाळी, एकमेकांविरुद्ध झुंजवून चित्रं घडवण्याची पद्धत मांडली. २०१५ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी वाक्यावरून चित्र काढून दाखवलं. चित्र कसलं, ३२ बाय ३२ ठिपक्यांचा धुरकट डाग! तरी ‘हिरवी स्कूलबस’ म्हटल्यावर डाग हिरवा होत होता. जानेवारी २०२१ मध्ये ओपनएआय कंपनीनं चित्र आणि शब्द यांची जुळणी ओळखणारं ‘क्लिप’ आणि शब्दांवरून चित्र काढणारं ‘डॅल-ई’ जाहीर केलं. २०२२ मध्ये तर रांगच लागली: एप्रिलमध्ये ‘डॅल-ई २’, जुलैत ‘मिडजर्नी’ सगळ्यांसाठी खुलं, आणि ऑगस्टमध्ये ‘स्टेबल डिफ्यूजन’, जे घरच्या संगणकावरही चालायचं.

ही सगळी यंत्रं शिकली कशावर? गोष्टींवर नव्हे. इंटरनेटवरचा फोटो आणि त्याला जोडलेली एखादी ओळ, अशा जोड्यांवर. ‘क्लिप’ला अशा ४० कोटी जोड्या दिल्या होत्या. स्टेबल डिफ्यूजनमागच्या ‘लायन-५बी’ या संग्रहात सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या. त्यातल्या २३२ कोटी इंग्रजी, तर शंभरावर इतर भाषांच्या मिळून २२६ कोटी; उरलेल्यांची भाषा ठरवता आली नव्हती. त्यातही स्टेबल डिफ्यूजन शिकलं ते मुख्यतः इंग्रजी भागावर. शिवाय ते यंत्र एका वेळी ७७ टोकन, म्हणजे शब्दांचे तेवढे तुकडेच वाचायचं. इंग्रजीत एखादा छोटा परिच्छेद कसाबसा बसायचा. देवनागरीचे इतके बारीक तुकडे पडायचे की ओळ-दोन ओळींतच कोटा संपायचा. कादंबरीतलं अख्खं पान चिकटवणाऱ्याला पत्ताच नसायचा की त्याचा शेवट यंत्रानं वाचलेलाच नाही.

याचा सोलापुरी नमुना बघा. प्रसंग साधा आहे: विडी कामगार बाई उंबऱ्यात बसली आहे, मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू, बोटाला दोरा, आणि आतून तिची मुलगी कॉलेजची फी मागते आहे. जुन्या मॉडेलनं काय दिलं? घागरा-ओढणीतली, मोठ्या नथीची राजस्थानी बाई, मांडीवर वेताची टोपली, हातात चक्क सिगार. मुलगी गायब. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचा प्रसंग दिला तर नंदीध्वज म्हणून बैल छापलेला झेंडा आला. कमरेच्या पट्ट्यावर उंच काठी तोलत चालणारा, पांढऱ्या बाराबंदी अंगरख्यातला माणूस त्याला माहीतच नव्हता. बाराबंदी, नंदीध्वज, सूप यांचे नीट ओळ लिहिलेले फोटो किती थोडे, हे त्या चित्रातून उघड दिसतं.

दुसरी अडचण पात्रांची. पहिल्या चित्रातली बाई दुसऱ्या चित्रात दुसरीच व्हायची. यावर २०२२ च्या ऑगस्टमध्येच ‘ड्रीमबूथ’ नावाची युक्ती निघाली. एकाच व्यक्तीचे तीन ते पाच फोटो देऊन तोच चेहरा पक्का करायचा. फोटो कुणाचे द्यायचे, हा प्रश्न अर्थात वेगळाच. शेजारणीला न विचारता तिला नायिका करू नये.

मोठी सुधारणा झाली ती फोटोखालच्या ओळीतच. ऑक्टोबर २०२३ च्या ‘डॅल-ई ३’साठी ओपनएआयनं यंत्राकडूनच चित्रांची लांबलचक वर्णनं लिहून घेतली. शिकवणीत ९५ टक्के वर्णनं तशीच होती. त्यामुळं कोण कुठं बसलं आहे, कुणाच्या हातात काय आहे, हे बरंच जुळायला लागलं. मार्च २०२५ पासून चॅटजीपीटीत बोलत-बोलत चित्र दुरुस्त करणं बरंच सोपं झालं. आता सुपाचा फोटो सोबत जोडला की सूप सूपच येतं. मुलगीही येते, पण बहुतेक वेळा हसतमुख! फी मागताना ती आईकडं बघेल की जमिनीकडं, हे अजून लेखकालाच लिहून द्यावं लागतं.

मालकीचं म्हणाल तर अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं फेब्रुवारी २०२३ मध्ये एका चित्रकथेचा मजकूर आणि मांडणी लेखिकेची मानली, मिडजर्नीची चित्रं मात्र वगळली. आपल्या १९५७ च्या कायद्यात, १९९४ च्या दुरुस्तीनंतर, संगणकानं तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती करवून घेणारा माणूस. ही व्याख्या लिहिली गेली तेव्हा असली यंत्रं कुणाच्या डोक्यातही नव्हती. दिवाळी अंकाच्या श्रेयनामावलीत ‘सजावट’पुढं आपलं नाव टाकायला कायद्याची आडकाठी येईलसं दिसत नाही. माझं मत विचाराल तर त्याशेजारी यंत्राचंही नाव छापावं.