वाइक बै ड्यूरस्टेडे: व्हायकिंगांनी लुटलेलं, नदीने सोडलेलं गाव

नेदरलँड्समध्ये उत्रेख्तच्या आग्नेयेला, लेक नदीच्या काठावर वाइक बै ड्यूरस्टेडे नावाचं छोटं गाव आहे. एक पडका किल्ला, बुटक्या मनोऱ्याचं मोठं चर्च, एक पवनचक्की आणि नदीचा उंच बांध, बस. पण बाराशे वर्षांपूर्वी याच जागी डोरेस्टाड होतं आणि उत्तर युरोपात त्याच्या तोडीची बंदरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

कारण साधं आहे, इथे ऱ्हाइन नदी फुटते. एक फाटा, आजची क्रोम्मे राइन, उत्रेख्तकडे जातो आणि दुसरा म्हणजे लेक पश्चिमेला समुद्राकडे, त्यामुळे जर्मनीतून खाली येणारा माल इथे उतरायचा आणि इथून इंग्लंड, डेन्मार्क, स्वीडनकडे निघायचा. सातव्या शतकात माडेलिनस नावाचा नाणी पाडणारा मास्ट्रिख्तहून इथे आला आणि त्याची सोन्याची नाणी इतकी चालली की लोक त्यांच्या नकला करायला लागले. पुढे फ्रँक लोकांचा सम्राट शार्लमेन याच्या काळात इथल्या काही नाण्यांवर गावाचं नाव आणि जहाज दोन्ही असायचं.

मला सगळ्यात जास्त आवडतात त्या इथल्या विहिरी. ऱ्हाइनच्या वरच्या अंगाकडून वाइन मोठमोठ्या लाकडी पिंपांतून यायची, पिंप रिकामं झालं की डोरेस्टाडचे लोक त्याचं बूड काढायचे आणि ते जमिनीत उभं गाडून त्याचीच विहीर करायचे. ओल्या मातीत हे लाकूड टिकलं, त्यावरून झाड साधारण कधी तोडलं तेही काढता येतं, आणि लाकूड सिल्व्हर फर नावाच्या सूचिपर्णी झाडाचं, जे या सखल भागात मुळात वाढतच नाही, म्हणजे पिंप कुठल्या बाजूने आलं हे विहिरीनेच सांगितलं. शिवाय जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरातल्या काळ्या दगडाची दळायची जाती, काच, मातीची भांडी असं बरंच काही सापडलंय.

या गावाचं नाव किती लांब पोचलं होतं बघा: स्वीडनमधल्या बिर्का गावात फ्रिडेबुर्ग नावाची एक म्हातारी ख्रिश्चन बाई होती, तिने मरताना मुलीला, काटलाला, सांगितलं की इथे गरीब फारसे नाहीत, तू सगळं विकून डोरेस्टाडला जा, तिथे चर्चं आहेत, पाद्री आहेत आणि गरजू लोकही भरपूर आहेत, तिथे दान कर. आणि काटला खरंच गेली! नवव्या शतकातल्याच रिंबर्ट नावाच्या बिशपने हे लिहून ठेवलंय.

मग व्हायकिंग, म्हणजे स्कँडिनेव्हियातले समुद्री लुटारू. ८३४ ते ८३७ अशी सलग चार वर्षं त्यांनी डोरेस्टाड लुटलं. ८५० मध्ये तर सम्राट लोथारने रोरिक नावाच्या डॅनिश सरदारालाच हे गाव देऊन टाकलं, कारण त्याला हाकलणं जमेना, निदान बाकीच्या टोळ्यांना तरी तो अडवेल अशी आशा होती. तरी हल्ले झालेच, आणि ८६३ नंतर बंदर म्हणून याचं नाव दिसेनासं होतं.

बऱ्याच ठिकाणी गोष्ट इथेच संपवतात, व्हायकिंग आले आणि शहर संपलं. मला हे अर्धवट वाटतं. लुटलेलं गाव पुन्हा उभं राहतं, डोरेस्टाड तर चार वेळा लुटून घेऊनही चालूच होतं. पण तेव्हा नदीचं पात्र हळूहळू पूर्वेला सरकत होतं आणि लोक किनाऱ्यापासून पाण्यापर्यंत लाकडी धक्के वाढवत नेत होते, काही तर दोनशे मीटरपर्यंत. नंतर गाळ साचला, पाण्याचा जोर लेककडे गेला, वर फ्रँक राज्याची वाटणी झाली, आणि व्यापाऱ्यांनी टील, डेव्हेंटरसारखी दुसरी गावं धरली. ११२२ च्या सुमाराला तर क्रोम्मे राइनवर इथेच बंधारा घातला, म्हणजे ज्या फाट्यावर बंदर जगलं तोच बंद झाला. उत्रेख्तच्या आसपासची दलदल शेतीला मिळावी म्हणून हे केलं आणि तिथल्या लोकांच्या बाजूने ते बरोबरच होतं.

आजचं गाव त्यानंतरचं. १३०० मध्ये शहराचे हक्क मिळाले, पंधराव्या शतकात उत्रेख्तचा बिशप डेव्हिड ऑफ बर्गंडी इथल्या किल्ल्यात राहायला आला, चर्चचा मनोरा उत्रेख्तच्या डोम टॉवरच्या तोडीचा करायचा त्याचा बेत होता असं म्हणतात, तो अर्धवटच राहिला. १६७० च्या आसपास चित्रकार याकोब फान राउसडालने इथल्या पवनचक्कीचं चित्र काढलं, ते अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. आज वेशीवर उभी असलेली, खालून रस्ता जाणारी चक्की मात्र वेगळी, चित्रातली केव्हाच गेली.

डोरेस्टाड परत सापडलं ते हाडांमुळे. १८४० च्या सुमाराला लोक शेतं खणून जुनी हाडं कारखान्यांना विकत होते, त्यात नाणी आणि दागिने निघायला लागले, तेव्हा लाइडनच्या म्युझियममधला यान्सेन नावाचा माणूस उत्खननाला आला. मोठं काम १९६७ पासून दहा वर्षं चाललं, आणि १९६९ मध्ये एका विहिरीतच सोन्याचा, लाल गार्नेट जडवलेला ब्रोच सापडला, साधारण इ.स. ८०० चा. तो आता लाइडनला आहे.

नदीचं प्रकरण अजून मिटलेलं नाहीये. १९९५ च्या पुरात नद्यांकाठच्या अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली होती. लेकच्या उत्तरेचा बांध सध्या अमेरोंगेन ते स्खोनहोव्हेन असा ५५ किलोमीटर मजबूत करतायत, कारण तो या बाजूला फुटला तर पाणी उत्रेख्तमध्ये शिरेल आणि पुढे अ‍ॅमस्टरडॅमच्या दिशेने जाईल.