शिंदळ माकुडी: पावसात पानांवर, उन्हाळ्यात खोडावर

शिवनेरीच्या कड्यावर, बसाल्ट खडकाच्या भेगांत, शिंदळ माकुडी ही मांसल खोडाची वनस्पती लोंबताना दिसते. जगात ती निसर्गतः फक्त महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर उगवते. सज्जनगड हे तिचे आणखी एक ओळखीचे ठिकाण. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी १८६०च्या दशकात तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ नाव मिळाले.

हिची खरी कमाल तिच्या श्वासात आहे. पावसाळ्यात बोटाएवढ्या जाड खोडावर मऊ, हिरवी पाने येतात. ती इतर झाडांसारखी दिवसा रंध्रे (हवा आत-बाहेर करणारी सूक्ष्म छिद्रे) उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. त्यात पाणी भरपूर उडते, पण वाढही झपाट्याने होते. पाऊस सरला की पाने गळतात. मग उरलेले हिरवे खोड निराळ्याच रीतीने चालते: रंध्रे रात्री उघडायची, कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा रंध्रे मिटून तो वापरायचा. एकाच झाडात या दोन रीती नांदतात, हे लांगे आणि झुबर या संशोधकांनी १९७७ मध्ये दाखवून दिले. मला तर सह्याद्रीतली ही सर्वांत देखणी हिकमत वाटते.

कुंडीतली निगाही यावरूनच ठरते. पाने असेपर्यंत माती सुकली की भरपूर पाणी द्या. पाने पिवळी पडू लागली की झाड मरतेय असे वाटून बरेच जण पाणी वाढवतात, आणि खोड बुडापासून कुजते. तेव्हा उलट हात आखडता घ्यायचा. उन्हाळ्यात खोडावर सुरकुत्या दिसल्या तरच थोडेसे पाणी. माती निचऱ्याची हवी: बारीक मुरूम, जाड वाळू आणि अगदी थोडे कुजलेले शेणखत. कुंडी उथळ, शक्यतो टांगती, सकाळचे ऊन मिळेल अशी. पिठ्या ढेकूण या किडीवर मात्र नजर ठेवा, तो पानांच्या बगलेत दडतो.

पावसाच्या शेवटी-शेवटी येणारे फूल चांदणीसारखे पाचपाकळी, गर्द तांबडे, त्यावर पिवळ्या खुणा. त्याच्यासाठी कड्यावरची फांदी कधीही तोडू नका, ही वनस्पती आधीच संकटात आहे. रोपवाटिकेत वाढवलेले रोप घ्या. त्याच्याच फांदीचा तुकडा काही दिवस सावलीत ठेवा, काप पूर्ण सुकला की मुरमात खोचा. लागवड पावसाळ्याच्या तोंडावर केली तर मुळे लवकर धरतात.