सीरियाचे तुर्कमेन तुर्कमेनिस्तानातून आलेले नाहीत

सीरियातल्या असदविरोधकांचे एक नेते अब्दुर्रहमान मुस्तफा यांचं नाव निघालं की ‘तुर्कमेनिस्तानातून सीरियाच्या युद्धात उतरलेला नेता’ असं हमखास ऐकू येतं. हे साफ चूक आहे. मुस्तफा अलेप्पो प्रांतातले, सीरियाचेच. तिथले तुर्कमेन, म्हणजे तुर्की वंशाचे लोक, सेल्जुक आणि उस्मानी या तुर्की राजवटींच्या काळापासून शेकडो वर्षं त्या मातीत आहेत, आणि त्यांची बोली तुर्कस्तानच्या तुर्कीला जवळची. सीमेलगतचं अल-राई गाव पाहा: अरबीत ‘राई’ म्हणजे मेंढपाळ, आणि गावाच्या ‘चोबानबे’ या तुर्की नावातला ‘चोबान’ही मेंढपाळच! दोन भाषा एकाच गावात किती मुरल्यात, ते इथे दिसतं.

२४ नोव्हेंबर २०१५ रोजी तुर्कस्तानने रशियाचं विमान पाडलं, तेव्हा बातम्यांत सीरियाच्याच लताकिया प्रांतातले ‘तुर्कमेन लढवय्ये’ झळकले. नामसाधर्म्याने घोळ आणखी वाढला.

मुस्तफा आधी सीरियन तुर्कमेन सभेचे अध्यक्ष होते. मे २०१८ मध्ये ते विरोधकांच्या राष्ट्रीय आघाडीचे अध्यक्ष झाले, २०१९ मध्ये हंगामी सरकारचे प्रमुख. या पदामुळे काहीजण त्यांना सीरियाचे पंतप्रधान समजतात. तेही खरं नाही. दमास्कसमध्ये डिसेंबर २०२४ पर्यंत राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद यांचीच सत्ता होती. हे हंगामी सरकार विरोधकांचं होतं, तुर्कस्तानच्या पाठबळावर उत्तरेच्या पट्ट्यात चालणारं.