मीटरची मनाई आणि इंडिकेटरचा बल्ब: एअरबॅगच्या हत्यारांची पार्श्वभूमी

एअरबॅगच्या कामाआधी हत्यारं तपासायची, हा नियम आपल्या गॅरेजांत उशिरा आला, कारण एअरबॅगच उशिरा आली. अमेरिकेत १९७० च्या दशकातच ती काही गाड्यांत मिळत होती. आपल्याकडे नव्या मोटारींत चालकाच्या एअरबॅगची सक्ती १ जुलै २०१९ पासूनची, समोरच्या प्रवाशाची २०२१ ची. सहा एअरबॅगचा मसुदा २०२२ मध्ये आला, मुदत पुढे गेली आणि २०२३ मध्ये सक्ती बारगळली. तरीही सहा एअरबॅगच्या गाड्या रस्त्यावर वाढतच गेल्या. त्यामुळे सीट कव्हर घालणाऱ्याचा हातही आज सीटखालच्या, एअरबॅगच्या वायरिंगच्या पिवळ्या कनेक्टरपाशी पोहोचतो.

वाद झाला तो मीटरवरून. एअरबॅग पेटवणाऱ्या इग्नायटरचा रोध साधारण २ ओहम. आजच्या बऱ्याच इग्नायटरांना १.२ अँपिअर दोन मिलिसेकंद मिळाले की ते पेटतात, ०.४ अँपिअर दहा सेकंद गेला तरी पेटू नयेत, अशी त्यांची रचना असते. सुईचा मीटर सर्वांत खालच्या ओहम रेंजवर शंभर मिलिअँपिअरच्या वरही प्रवाह सोडू शकतो, म्हणून गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलांनी ओहममीटर, म्हणजे रोध मोजणारा मीटर, लावायला सरसकट मनाई केली. पुढे ‘हाय इम्पिडन्स डिजिटल मीटर चालेल’ अशी सवलत दिसू लागली आणि घोळ झाला. हाय इम्पिडन्स म्हणजे मीटरचा स्वतःचा रोध मोठा, साधारण १० मेगाओहम; पण तो आकडा व्होल्टेज मोजण्यापुरता आहे. ओहमवर मीटर स्वतःच प्रवाह सोडतो. तो किती, हे दुसरा मीटर मिलिअँपिअर रेंजवर त्याच्या दोन टोकांना जोडूनच कळतं. चांगल्या डिजिटल मीटरचा प्रवाह एक मिलिअँपिअरच्या आसपास भरतो. तरीही मनाई राहिली ते योग्यच झालं. बिघडलेला मीटर काय सोडेल, याची हमी कोण देणार?

आपल्याकडे खरा धोका मात्र बल्बच्या टेस्टरचा आहे, आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं. इंडिकेटरच्या २१ वॅटच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्टर अनेक मिस्त्रींकडे असतो. तो १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो. इग्नायटर मध्ये आला तरी सव्वा अँपिअरच्या वर प्रवाह उरतो आणि बल्ब थंड असताना पहिल्या क्षणी त्याहून कितीतरी जास्त. हा टेस्टर पिवळ्या वायरीजवळ आणूच नये.

मोजण्याला पर्याय म्हणून एअरबॅगच्या जागी २ ओहमचा डमी लोड, म्हणजे इग्नायटरइतक्याच रोधाचा नकली भार, लावायची पद्धत रुळली. लोड लावून स्कॅनरवरचा फॉल्ट कोड गेला तर दोष एअरबॅगमध्ये, राहिला तर वायरिंगमध्ये किंवा एअरबॅग चालवणाऱ्या कंट्रोल युनिटमध्ये. हा लोड मात्र आधी मीटरवर तपासावाच लागतो. त्याची पिन झिजून रोध फार वाढला, तर कोड जात नाही आणि मेकॅनिक नसलेला दोष वायरिंगमध्ये शोधत बसतो.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबायची, कारण कंट्रोल युनिटच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, चार्ज उरलेला असतो. स्टिरिओचं सेटिंग जाऊ नये म्हणून लावलेला मेमरी सेव्हरही त्याआधी काढायचा. तो गाडीत वीज पुरवत राहिला, तर केबल काढून काहीच साधत नाही.