पीक कापणी प्रयोग: प्रयोग की पाहणी?

रब्बी ज्वारी काढणीला आली की मंगळवेढ्याच्या काळ्या रानात तलाठी आणि कृषी सहायक टेप, दोरी, खुंट्या घेऊन उतरतात. चिठ्ठीत निघालेल्या गटात चौकोन आखायचा, आतली कणसं खुडायची, मळून दाणे तोलायचे. सरकारदरबारी याचं नाव ‘पीक कापणी प्रयोग’. नाव इंग्रज अमदानीतलं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. संख्याशास्त्राच्या हिशेबानं हा प्रयोग नाहीच, ही नमुना पाहणी आहे.

फरक ‘समष्टी’त आहे, म्हणजे ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा त्या सगळ्यांच्या समूहात. पाहणीतली समष्टी बोटानं दाखवता येते: महसूल मंडळातली, पीकपेऱ्यात नोंदलेली ज्वारीची सगळी शेतं. त्यातलं कोणतं मोजायचं, ते चिठ्ठी ठरवते. सोलापुरात 1933 पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन चालतं. खरा प्रयोग अशा केंद्रावर होतो. तिथं चिठ्ठी ठरवते ती कोणत्या वाफ्याला कोणतं खत किंवा वाण द्यायचं ते. हे वाफे काही तालुक्यातून निवडून आणलेले नसतात. मग त्यांची समष्टी कोणती?

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांचं 1922 मधलं उत्तर होतं: काल्पनिक आणि अनंत. हीच परिस्थिती पुन्हा पुन्हा आली तर जी उत्पन्नं मिळतील, ती सगळी. त्याच शास्त्रातले जर्झी नेमन यांनी 1923 मध्ये वेगळी वाट धरली. प्रत्येक वाफ्यात प्रत्येक वाणाचं एकेक संभाव्य उत्पन्न आहे असं मानायचं. दिसतं त्यातलं एकच. मला हे फिशर यांच्या अनंतापेक्षा जवळचं वाटतं. ‘याच तुकड्यात दुसरं बी टाकलं असतं तर?’ हे बांधावर कुणीही विचारतो.

‘केंद्रावर एवढं पिकतं, मग मंडळाची सरासरी इतकी कमी कशी?’ हा पीकविम्याच्या वेळचा सवालही इथलाच. केंद्राचा आकडा दोन वाणांतला फरक सांगतो, मंडळाचं उत्पन्न नव्हे.

पूर्वी अधिकारी नजरेनं ‘सरासरी’ वाटणारं शेत निवडत. अशी निवड भरवशाची नाही, हे 1934 मध्ये नेमन यांनीच मांडलं. लंडनला त्यांच्याकडे शिकलेले पांडुरंग सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. त्यांनी आणि व्ही. जी. पानसे यांनी 1940 च्या दशकात चिठ्ठीची पद्धत इथल्या पिकांवर आणली. बंगालात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस कापणीला छोटे गोल तुकडे घेत. त्यानं उत्पन्न फुगतं, असं सुखात्म्यांनी 1946 मध्ये दाखवलं. दोरीवर आलेलं पिकाचं ताट माणूस सहसा आतच धरतो, आणि तुकडा जितका लहान तितकी क्षेत्राच्या मानानं कड जास्त.