सिंगरचं वय बिल्ल्यावर शोधू नका, बॉबिन बघा

जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत हल्ली हे सारखं दिसतं, काळंभोर सिंगरचं मशीन, अंगावर सोनेरी नक्षी, आणि खाली लिहिलेलं की १८५१ सालचं अस्सल अँटिक आहे, किंमत लाखात. फोटो मोठा करून बघितला की पितळी बिल्ल्याला निळी कड दिसते आणि त्यावर १८५१ आणि १९५१ अशी दोन सालं. विकणाऱ्याने पहिलं वाचलं, दुसरं सोडून दिलं. १८५१ हे आयझॅक सिंगरला अमेरिकेत पेटंट मिळाल्याचं साल, १९५१ ला धंद्याला शंभर वर्षं झाली, आणि हा निळ्या कडेचा बिल्ला त्या शंभरीच्या मागेपुढे बनलेल्या मशीनवर लागला. म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं म्हणून जे विकलं जातंय ते स्वातंत्र्याच्या सुमाराचं निघतं.

असाच घोळ सुईजवळच्या सरकत्या पट्टीवर कोरलेल्या पेटंटच्या तारखांचा. त्या शोधाच्या तारखा आहेत, मशीन बनल्याच्या नाहीत. त्यातली सगळ्यात अलीकडची तारीख घ्यायची आणि एवढंच म्हणायचं की मशीन याच्या आधीचं नसणार, नंतरचं कितीही असू शकतं. नक्षीवरही फार भरवसा ठेवू नका. स्फिंक्सचं चित्र असलेलं मशीन १९२२ नंतरचंच, कारण तेव्हा तुतनखामेनचं थडगं सापडलं, असं लोक छातीठोकपणे सांगतात, पण ती नक्षी त्याच्याही आधीपासून होती.

मग बघायचं काय? सुईजवळची ती पट्टी सरकवा आणि बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ, बाहेर काढा. मला अख्ख्या मशीनमध्ये हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो, त्यामुळे इथे जरा थांबतो.

हाताने शिवताना सुई कापडातून आरपार जाते आणि सगळा दोरा तिच्यामागून जातो. मशीनच्या सुईचं भोक टोकाला असतं, ती खाली जाते आणि त्याच वाटेने परत वर येते, आरपार जातच नाही. तरी टीप पक्की बसते. कशी? सुई हातात धरून नीट बघा, एका बाजूला वरपासून खालपर्यंत लांब खाच आहे आणि दुसऱ्या बाजूला भोकाजवळ छोटासा खोलगट भाग. सुई अगदी खाली जाऊन जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर वर येते तेव्हा खाचेतला दोरा सुईबरोबर सहज सरकतो, पण दुसऱ्या बाजूचा दोरा कापडाला घासून अडतो, त्याला वर जाता येत नाही म्हणून तो बाहेर फुगतो आणि त्याचा एवढासा फास तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी शटलचं, म्हणजे बॉबिन पोटात घेऊन हलणाऱ्या भागाचं, टोक त्या फासात शिरतं. क्षणभर लवकर आलं तर फास अजून तयार नाही, उशीर झाला तर तो वळून गेलेला, आणि आपण म्हणतो मशीन टाके सोडतंय. बोथट किंवा उलटी बसवलेली सुई असली की हेच होतं, आणि पुष्कळदा दुरुस्ती म्हणजे फक्त सुई बदलणं असते.

आता खरी गंमत. वरच्या दोऱ्यात खालचा दोरा अडकवायचा तर वरच्या दोऱ्याचा तो फास अख्ख्या बॉबिनला वळसा घालून पलीकडे निघाला पाहिजे. अख्ख्या बॉबिनला, तिच्या डबीसकट! म्हणजे बॉबिन मशीनला कुठेही स्क्रूने घट्ट बसवलेली असून चालणारच नाही, तिच्या सगळ्या बाजूंनी दोरा जाईल एवढी फट हवी, तरी ती जागेवरून हलताही कामा नये. या एका अडचणीवर जी वेगवेगळी उत्तरं निघाली त्यांच्यावरूनच आपल्याला मशीनची जात ओळखता येते.

१८६५ च्या सिंगरच्या न्यू फॅमिली नावाच्या मॉडेलमध्ये होडीच्या आकाराचं शटल सुईखाली सरळ रेषेत डावी-उजवीकडे धावतं. या मशीनला सुईही वेगळी लागते, आजच्या दुकानातली साधी सुई त्यात चालत नाही, हीसुद्धा एक खूणच. पुढच्या २७ आणि २८ नंबरच्या मॉडेलमध्ये बंदुकीच्या गोळीसारखं शटल आहे, आत लांब बारीक बॉबिन, आणि ते लंबकासारखं कमानीत मागेपुढे झुलतं. त्यांचीच सुधारित भावंडं १२७ आणि १२८, त्यांना शटल वर उचलून द्यायचं बटण असतं. १५ नंबरमध्ये गोल बॉबिन डबीत बसते, इथे शटलचं काम तिच्याभोवतीचा हुक करतो, तो अर्धा वळसा जातो आणि परत येतो. आपल्याकडे घरोघरी जी काळी मशीनं आहेत त्यातली बहुतेक याच घराण्यातली, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने आणि नंतर लुधियानाच्या कारखान्यांनी १५ नंबरच्या भरपूर नकला काढल्या. आणि चौथा प्रकार पूर्ण गोल फिरणारा हुक, तो एका टाक्याला दोन फेरे मारतो. मागेपुढे जाणाऱ्या वस्तूला दर टाक्याला थांबून दिशा बदलावी लागते, म्हणून वेगाला मर्यादा येते आणि खडखडाटही होतो, गोल फिरणाऱ्याला ती अडचण नाही, म्हणून कारखान्यातली वेगवान मशीनं बहुतेक याच पद्धतीची.

पण यावरून झुलतं शटल म्हणजे जुनं आणि गोल हुक म्हणजे नवं असं सरळ समीकरण मांडू नका. गोल फिरणाऱ्या हुकचं ॲलन विल्सन या अमेरिकी संशोधकाचं पेटंट १२ ऑगस्ट १८५१ चं आहे, सिंगरच्या पेटंटचीही तारीख तीच! उलट झुलत्या शटलची १२८ नंबरची मशीनं १९५० च्या दशकातही बनत होती. तेव्हा बॉबिनवरून मॉडेल कळतं, साल कळत नाही.

सालासाठी नंबर. सिंगरवर तो मशीनच्या तळावर उजवीकडे, चाकाजवळ ठोकलेला असतो, वरचा मळ फडक्याने पुसला की दिसतो. नुसते आकडे असतील तर मशीन साधारण १९०० च्या आधीचं, त्यानंतर पुढे अक्षर आलं. एफ आणि वाय ही स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक कारखान्याची अक्षरं, एफ साधारण १९१० पासूनच्या दशकातलं, वाय १९२१ ते १९३५ च्या दरम्यानचं, १९३५ च्या सुमारास ईए, ईबी अशा जोड्या सुरू झाल्या. जी हे अमेरिकेतल्या न्यू जर्सीचं, सी जर्मनीतल्या विटेनबर्गेचं. क्लाइडबँकचा कारखाना १९८० ला बंद पडला तरी तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव आजही सिंगरच आहे. एक लक्षात ठेवा, कारखान्याला हजारो नंबरांचा गठ्ठा एकदम मिळायचा आणि सिंगरच्या नंबरांच्या यादीत जी तारीख सापडते ती त्या गठ्ठ्याची, तुमचं मशीन त्यानंतर काही महिन्यांनी बनलेलं असू शकतं. म्हणून अमुक तारखेला जन्मलेलं असं कोणी सांगितलं तर साल पकडा, दिवस सोडून द्या.

आता त्या लाल पाऱ्याबद्दल, कारण जुनं सिंगर म्हटलं की कोणीतरी विचारतंच. २००९ ला सौदी अरेबियात अफवा पसरली की जुन्या सिंगरमध्ये रेड मर्क्युरी, म्हणजे बॉम्ब बनवायला लागतो असं म्हणतात तो लाल पारा, असतो, सुईजवळ मोबाईल नेला आणि कॉल कट झाला की तो आहे असं समजायचं. लोकांनी साध्या मशीनला प्रचंड पैसे मोजले. आपल्याकडेही असे मेसेज फिरतात. शिलाई मशीनमध्ये ओतीव लोखंड, पोलाद, थोडं पितळ आणि तेल, एवढंच असतं, पाऱ्याचं काही कामच नाही. लाल रंगाचं पाऱ्याचं संयुग म्हणजे आपला हिंगूळ, त्याने ना मोबाईल बंद पडतो ना बॉम्ब बनतो. लोखंडाच्या धुडाजवळ फोनची रेंज कमीजास्त झाली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. अशा बोलण्यावर कोणी आगाऊ पैसे मागत असेल तर सरळ पोलिसांकडे जा.

घरात खरंच जुनं मशीन असेल तर साफ करताना स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात लावू नका. सोनेरी नक्षीवरचा पारदर्शक थर बऱ्याच मशीनवर शेलॅकचा असतो, म्हणजे लाखेचा, आपल्या झारखंडच्या जंगलात पळस-कुसुमाच्या झाडांवर किडे जी बनवतात तीच लाख. ती अल्कोहोलमध्ये विरघळते आणि थर गेला की खालचं सोनंही फडक्याबरोबर निघून येतं. मऊ कापडावर मशीनचं तेल घ्या, आधी कोपऱ्यात लावून बघा, आणि पुसायला सुरुवात करण्याआधी नंबरचा एक स्वच्छ फोटो काढून ठेवा.